चांदोली आणि पुढे रत्नागिरीचा समुद्र, सोबत कारवानी कुत्री: कसं जमवावं?

गलाईघर_विटा

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे नेमका सल्ला मिळेल.

आमच्याकडे बिजली आहे. जतकडची कारवानी कुत्री, तांबूस रंगाची, लांब तोंडाची. घरात अतिशय गरीब, सासूबाईंच्या पायाशी दिवसभर पडून असते. पण शेतात ससा उठला की तिला हाक ऐकू येत नाही. ससा दिसेनासा होईपर्यंत किंवा दम संपेपर्यंत पळते आणि मग बांधाबांधाने परत येते.

ह्यांचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा, धंदा कोइमतूरला आहे. दिवाळीला घरी येतात तेव्हाच काय ते चौघं एकत्र असतो. ताडोब्याची वाघीण चांदोलीत आणून सोडली, त्या बातम्या आल्यापासून ह्यांच्या मनात चांदोली बसलंय. मुलाला समुद्र पाहिजे. म्हणून ठरवलंय की दिवाळीनंतर शिराळा-कोकरूडमार्गे चांदोली बघायचं, तिथून मलकापूर, आंबा घाट आणि रत्नागिरी. दोन मुक्काम, जमलं तर तीन.

बिजलीला मागे ठेवायचं माझ्या मनात नाही. आम्ही नसलो की ती अन्नाला तोंड लावत नाही, आणि शेजारी किती दिवस बघणार? तिला पट्टा लावून उद्यानात गाडीतच बसवून नेलं तर चालतं का? नाहीतर गेटजवळ सावलीत गाडीत ठेवून आम्ही फिरून येऊ शकतो का? आणि रत्नागिरीकडच्या कुठल्या किनाऱ्यावर कुत्री नेली तर कुणाला त्रास होणार नाही? वाळूत तिला एकदा मनसोक्त पळू द्यायचंय. माहितगारांनी सांगावं.

सागरोबा

उद्यानात पाळीव कुत्रं नेता येत नाही, गाडीत बसवूनही नाही. तुमच्या जवळचं सागरेश्वर अभयारण्यसुद्धा तसंच. ते जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं, पण नियम तोच. बाकी माहिती शिराळ्याकडचं कुणीतरी देईल.

वारणाकाठ

ताई, मी आरळ्याच्या बाजूचा. आमच्या घरून चांदोली धरणाची भिंत दिसते. आमचं मूळ गाव आता उद्यानाच्या आत आहे. धरण आणि अभयारण्य झालं तेव्हा जी गावं उठली त्यांतलं एक. त्यामुळे या जंगलाबद्दल मी थोडं जास्त बोललो तर समजून घ्या.

आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं. कुत्री आत नेता येणार नाही. चांदोली १९८५ साली अभयारण्य झालं आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान. २०१० पासून कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात माणसालाच परवान्याशिवाय शिरता येत नाही. मणदूर-जाधववाडीच्या बाजूला तुम्हाला मिळेल तो परवाना तुमचा असेल, बिजलीचा नाही. गेटवर कुणाला गळ घालू नका. तिथली पोरं आमच्याच गावांतली आहेत, नाही म्हणताना त्यांनाही वाईट वाटतं.

गाडीत ठेवून जायचं तर मनातही आणू नका. नोव्हेंबरातसुद्धा दहा-अकरानंतर ऊन चढतं आणि सावली सरकते. आतली फेरी काही तासांची असते, मध्येच उतरून परत येता येत नाही. बंद गाडीत काच थोडी खाली ठेवली तरी कुत्रं तापून मरतं, आणि त्याला फार वेळही लागत नाही.

मग करायचं काय? तुम्ही चौघं आहात. माणसं वाटून घ्या. मुक्काम आरळा किंवा शिराळ्याच्या बाजूला करा. पहिल्या दिवशी सकाळी तुमचे यजमान आणि मुलगा आत जातील, तुम्ही आणि सासूबाई बिजलीजवळ थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही जा. सासूबाईंना गाडीचे धक्के सोसत असतील तर त्यांनाही न्या. पुढच्या माणसांना पहिल्यांनी काय बघितलं ते सांगता येतं, हाही फायदा आहे. झोळंबीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, गवे दिसले तर तेवढ्यासाठीही फेरी कारणी लागते. वाघ दिसेलच असं समजून कुणी आत जाऊ नये. इथलं जंगल दाट आहे, ताडोब्यासारखं उघडं नाही. वसंतसागरचं, म्हणजे चांदोली धरणाचं पाणी, करवंदीच्या जाळ्या, सड्यावरचा वारा, एवढं बघायला या. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, पण दिवाळीनंतर वाटा उघडतात आणि गवत अजून हिरवं असतं. वेळ तुम्ही चांगली निवडली आहे.

एक गोष्ट मात्र आवर्जून. मुक्कामी बिजलीला रात्री खोलीत घ्या. ओट्यावर, अंगणात, गाडीला, कुठंही बांधू नका. शिराळा तालुक्यात बिबट्या उसात राहतो, उसात वितो, आणि वस्तीवर येतो तो बहुतेक कुत्र्यासाठीच. बांधलेलं कुत्रं त्याला आयतंच सापडतं. संध्याकाळी लघवीला न्यायची ती दिव्याच्या उजेडात, दोघांनी मिळून, आणि पट्टा हातात घट्ट.

सह्यभटक्या

वारणाकाठ, तुमचा अनुभव मोठा आहे, मान्य. पण एक शंका मनापासून विचारतो. शृंगारपुरातून प्रचितगडाला गेलं की गावातली दोन-तीन कुत्री आपोआप मागे लागतात आणि गडापर्यंत येतात. गड उद्यानाच्याच हद्दीत येतो. ती कुत्री कुणाची नाहीत, त्यांना लस नाही की पट्टा नाही. मग लसी झालेली, पट्ट्यातली, गाडीत बसलेली कुत्री आत नेली तर असं काय बिघडणार? मी स्वतः कुत्री पाळतो, म्हणून विचारतोय.

वारणाकाठ

शंका रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

गावातली कुत्री मागे येतात हे खरं, आणि तेही व्हायला नको. बिस्किटाचा पुडा उघडला की ती शेवटपर्यंत सोडत नाहीत. गाव सुटायच्या आत त्यांना हाकलावं, खायला घालू नये. एक चूक आधीच होतेय म्हणून दुसरीला वाट द्यायची, हे मला पटत नाही.

खरं कारण आजारांचं आहे. आमच्याकडे कोळसुंदे आहेत, रानकुत्रे. कळपाने राहतात, एकमेकांची तोंडं चाटतात, एकाच शिकारीवर जेवतात. एकाला आजार लागला की कळपाला लागायला वेळ लागत नाही. कुत्र्यांचा डिस्टेंपर फक्त कुत्र्यांत राहत नाही. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसपेक्षा जास्त सिंह मेले, त्यांतल्या अनेकांत हाच विषाणू सापडला. आपल्या सह्याद्रीत वाघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ताडोब्यातून वाघीण आणायची, आणि आपण मात्र कुत्र्याची लाळ नि लघवी तिच्या वाटेवर सोडायची, हे बरं नव्हे.

आणि कुत्र्याचा वास. बिजली गाडीतून उतरली नाही तरी खिडकीतून तिला भेकर दिसणार आणि ती भुंकणार. कारवानी आहे ती, शिकारीसाठीच जोपासलेली जात. भेकराला तिचा पट्टा दिसत नाही. पिल्लू बरोबर असलेली मादी अशा वेळी पिल्लाला टाकून पळते.

आमच्या घरच्यांनी गाव सोडलं तेव्हा चुली, देव, म्हसरं, सगळं उचलून खाली आणलं. आजी शेवटपर्यंत तिकडं तोंड करून बसायची. ते घर आता गव्यांचं आहे. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, पण ज्यासाठी सोडलं ते नीट राहावं एवढीच इच्छा आहे.

सह्यभटक्या

पटलं. प्रचितगडाच्या पुढच्या खेपेला मागे येणारी कुत्री गावातच थांबवीन, आणि ग्रुपमधल्यांनाही सांगीन.

पशुवैद्य_कराड

वारणाकाठांनी डिस्टेंपरबद्दल लिहिलं ते बरोबर आहे. त्यात एवढीच भर घालतो की लस झालेल्या कुत्र्याच्या अंगावरूनही गोचीड, खरजेचे किडे आणि पोटातले जंत दुसरीकडे जाऊ शकतात. लसीमुळे सगळं बंद होत नाही. पार्व्होचा विषाणू तर मातीत महिनोनमहिने तग धरतो.

आता बिजलीची तयारी. रेबीज आणि डिस्टेंपर-पार्व्होची वार्षिक लस चुकली असेल तर निघायच्या किमान दोन-तीन आठवडे आधी द्या, आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही. जंताचं औषधही तेव्हाच. गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध वापरणार असाल तर समुद्राच्या पाण्यात जायच्या दोन-तीन दिवस आधी टाका आणि मधे अंघोळ घालू नका. वजनाप्रमाणे मिळणारी चावायची गोळी अशा प्रवासाला जास्त सोयीची, ती पाण्याने धुऊन जात नाही. परत आल्यावर कानाच्या आतली बाजू, काखा आणि बोटांच्या बेचक्या रोज चाचपा. घाटातल्या गोचिडांमुळे येणारा ताप आठ-दहा दिवसांनी किंवा त्याहून उशिराही दिसतो. खाणं सुटलं, हिरड्या फिकट दिसल्या की लगेच रक्त तपासून घ्या.

घाटात गाडी लागू नये म्हणून कुणी गुंगीची गोळी सुचवेल. कारवानीला ती स्वतःच्या मनाने देऊ नका. या जातीच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे काही गुंगीची औषधं उतरायला खूप वेळ लागतो. निघायच्या चार तास आधी खाणं बंद, पाणी थोडं थोडं, आणि मलकापूरला पाय मोकळे करायला थांबा. एवढ्याने बहुतेक भागतं.

सगळ्यांत महत्त्वाचा पट्टा. कारवानीची मान जाड आणि डोकं निमुळतं असतं. साधा गळपट्टा ती मागे ओढून सहज काढते. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या, पोटाच्या मागेही एक पट्टी असलेला मिळाला तर उत्तम. घालून घरीच बघा. दोन माणसांनी ओढून, ती मागे सरकून त्यातून निसटते का हे तपासा. आंबा घाटात गाडीचं दार उघडायच्या आधी दोर हातात असायलाच हवा. तिथं माकडं असतात, आणि तिला माकड दिसलं की खाली दरी आहे हे कळणार नाही.

सुरूबन

मी भाट्याजवळ राहतो. किनाऱ्याचं मी सांगतो.

गणपतीपुळ्याला बिजलीला नेऊ नका. देवदर्शनाची गर्दी, उंट, घोडे, लहान मुलं, आणि पाण्याला ओढ जबरदस्त. तिथं माणसांनीही जपूनच उतरावं. आरे-वारे देखणं आहे, पण रस्ता अगदी किनाऱ्याला लागून जातो आणि गाड्या जोरात येतात. पळणाऱ्या कुत्र्यासाठी मी भाट्ये सुचवीन. रत्नागिरी शहरातून काजळी नदीचा पूल ओलांडला की लांब, सरळ पसरलेली वाळू आणि मागे सुरूची झाडं. सकाळी लवकर गेलात तर माणसं तुरळक असतात. मांडवीची वाळू काळी, आणि शहरातली माणसं संध्याकाळी फिरायला तिथंच येतात, म्हणून तीही नको.

वेळ कशी ठरवायची ते सांगतो. आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या जवळपास आलात तर सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी सहाला पाणी खूप मागे गेलेलं असतं, ओली घट्ट वाळू रुंद उघडी पडते. कुत्र्याच्या पायाला तीच चांगली. कोरड्या भुसभुशीत वाळूत पूर्ण वेगाने पळालं तर खांदे आणि पाऊल दुखावतं. तुम्ही दिवाळीनंतर येताय, तर त्रिपुरी पौर्णिमेच्या आजूबाजूचे दिवस धरा. दुपारी मात्र उधाण असतं. तेव्हा खोलीत झोपा, एरवीही त्या वेळी वाळू तापलेली असते. हाताची पाठ वाळूवर टेकवून पाच-सात सेकंद सहन होत नसेल तर ती वाळू कुत्र्यासाठी नाही.

आता जी गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे ती. नोव्हेंबरच्या सुमारास आमच्याकडे ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम सुरू होतो. तो मार्चपर्यंत चालतो, पिल्लं त्यानंतर मेपर्यंत निघत राहतात. मादी रात्री वाळूवर येते, दीडेक फूट खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू सारखी करून पहाटेच्या आत परत जाते. वेळास, आंजर्ले, गुहागर, मालगुंड, गावखडी या किनाऱ्यांवर कासवमित्र पहाटे चालत जाऊन घरटी शोधतात आणि अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात. त्यांच्या आधी कुत्रं किंवा कोल्हा पोचला की घरटं गेलं. कुत्र्याला तो वास लगेच लागतो. बिजलीसारख्या कुत्रीला तर फारच लवकर लागेल.

म्हणून रात्री तिला किनाऱ्यावर आणूच नका. पहाटे आणाल तर उजाडल्यावर, आणि पळू द्यायच्या आधी तुम्ही स्वतः किनाऱ्याचा तेवढा भाग चालून बघा. पाण्यापासून वर गेलेली, ट्रॅक्टरच्या चाकाची वाटावी अशी रुंद खूण वाळूवर दिसली तर बिजलीला तिथूनच मागे फिरवा, खुणेवर पाय देऊ नका, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. हे कासव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच रांगेत.

दोर तीसेक फुटांचा लांब आणा. अगदी मोकळं सोडायचा मोह होईल, पण आमची किनाऱ्यावरची कुत्री आपल्या हद्दीत नवीन कुत्रं खपवून घेत नाहीत. लांब दोरावर तिला गोल पळता येईल आणि वेळ आली तर जवळ ओढताही येईल. दोर उघड्या हाताने धरू नका, हातमोजा घाला. तिने वेग घेतला की तळहात सोलून निघतो.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की नको असलेली मासळी वाळूवर पडलेली असते. त्यात केंड असतो. मेलेला, फुगलेला, पोटाला बारीक काटे असलेला मासा. कुत्र्याने तो खाल्ला तर अंग लुळं पडतं, श्वास बंद होतो. जेलीफिशही असतात. रापणीच्या जागेपासून लांबच ठेवा.

पशुवैद्य_कराड

केंडाचं सांगितलंत, फार बरं झालं. त्यावर उतारा औषध नाही, फक्त श्वास चालू ठेवत वेळ काढावी लागते, आणि ती सोय सगळीकडे नसते. समुद्राचं पाणीही पिऊ देऊ नका, जुलाब आणि उलट्या होतात. दर थोड्या वेळाने गोडं पाणी पुढं करा, म्हणजे ती खाऱ्या पाण्याकडे वळणार नाही. खेळून झालं की गोड्या पाण्याने धुवा, बोटांत वाळू राहिली तर ती चाटून चाटून जखम करते.

आणि फुरसं, हा विषारी साप. रत्नागिरीच्या जांभ्या दगडाच्या गडग्यांत, म्हणजे कुंपणाच्या बांधांत, आणि कातळावर ते खूप. अंधार पडल्यावर गडग्याजवळ तोंड घालू देऊ नका. चावलंच तर आवळून बांधणं, चिरणं असलं काही करू नका. तिला न चालवता उचलून गाडीत घाला आणि तडक पशुवैद्याकडे न्या. माणसाला देतात तीच प्रतिविषाची लस कुत्र्यालाही चालते. रत्नागिरीतल्या एका पशुवैद्याचा नंबर घरूनच घेऊन निघा.

गलाईघर_विटा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं ह्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, वारणाकाठांचं बरोबर आहे, आपण दोन पाळ्या करू. पहिल्या सकाळी हे आणि मुलगा, दुसऱ्या सकाळी मी आणि सासूबाई. सासूबाईंनी स्वतःहून सांगितलं की मला गवे बघायचेत, लहानपणी माहेरी त्यांच्या गोष्टी ऐकल्यात. त्यांना एवढ्या उत्साहात मी बरेच दिवसांत बघितलं नव्हतं.

चांदोलीला दोन सकाळी लागणार म्हणून तीन मुक्काम करतोय, शेवटचा भाट्याला, त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. हार्नेस मागवलाय. लांब दोर नवीन घेत नाही, विहिरीवरच्या पोहऱ्याचा सुती दोर आहे घरी, तो चांगला मऊ आहे, तोच लांबीला पुरेल.

सुरूबन दादा, आणखी एक विचारते. भाट्याजवळ घरगुती राहायची सोय शोधतेय. कुत्री आहे म्हटल्यावर लोक नाही म्हणतात का?

सुरूबन

काही जण म्हणतात, विशेषतः जिथं मालक त्याच घरात राहतात आणि देवघर, स्वयंपाकघर एकाच ओटीला लागून असतं. त्यांचंही चुकीचं नाही. वेगळं दार असलेली, खालच्या मजल्याची खोली मागा आणि बाहेर नळ आहे का विचारा, म्हणजे खारं पाणी आणि वाळू बाहेरच धुऊन होईल. मालकांचं स्वतःचं कुत्रं आहे का तेही विचारा. असलं तर पहिली गाठ अंगणात नको, रस्त्यावर घालून द्या.

विहिरीचा सुती दोर खाऱ्या पाण्यात भिजला की जड होतो आणि गाठ सुटत नाही. नायलॉनचा दोर आणा, टोकाला फिरती कडी लावून. कुत्री सोबत आहे हे फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा. आणि फोन या आठवड्यातच करा, त्रिपुरी पौर्णिमेला शनिवार-रविवार जोडून आला तर इथल्या खोल्या आधीच भरतात.